कुलूप लावलंय, पण ओढून पाहिलं का?

मथळा वाचून हॉस्टेलमधल्या चोऱ्यांवरचा लेख वाटला असेल, तर अंदाज अर्धा बरोबर आहे. चोरीसारखं काहीतरी झालं होतं खरं. पण विषय आहे लिनक्सच्या कर्नलमधली सुरक्षेची टेबलं आणि ती बघायची एक साधी कमांड. सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रांनी मात्र लगेच पान उलटू नये. कारण मला ही गोष्ट जी नीट समजली ती लॅबमध्ये नाही, वैरागला आमच्या घरी, सात-बाराच्या उताऱ्यावरून समजली. तेव्हा आधी तीच सांगतो.

आमचं गाव वैराग, ता. बार्शी. बार्शीहून सोलापूरला एसटीने गेला असाल तर लागलंच असेल. आमची थोडी कोरडवाहू जमीन, ज्वारी-तुरीची. आजोबा वारले तेव्हा मी नववीत होतो. दिवस झाल्यावर वडील, दोन्ही चुलते आणि आत्या बसले, वारसनोंदीचा अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, कुणाचं काही भांडण नाही. अर्ज घडी घालून लोखंडी ट्रंकेत गेला. पुढं पाच वर्षं घरातला प्रत्येक माणूस छातीठोकपणे सांगायचा, "नावं लागली की! सह्या झाल्यात सगळ्यांच्या." मग एका दिवाळीच्या सुट्टीत पीककर्जासाठी ताजा सात-बारा काढला, तर त्यावर आजोबांचंच नाव! अर्ज कुणी तलाठ्याकडे दिलाच नव्हता. वडिलांना वाटलं तात्यांनी दिला, तात्यांना वाटलं आप्पांनी दिला. चूक कुठल्या कार्यालयाची नव्हती, आमचीच होती.

अर्ज म्हणजे नोंद नव्हे. अर्ज दिला, फेरफार नोंदला गेला, मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला, की मग सात-बारावरचं नाव बदलतं. बँक ट्रंकेतला कागद बघत नाही, उतारा बघते. त्या हंगामाचं कर्ज वेळेत मिळालं नाही आणि वडिलांनी बियाणं-खतासाठी हातउसने पैसे घेतले. तेव्हा मी मनात म्हणालो होतो, "शिकलेली माणसं असती तर असं झालं नसतं."

आणि मग शिकलेल्या माणसाने, म्हणजे मी, नेमकं तेच केलं.

झालं असं. तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या मेसचं हिशेबाचं सॉफ्टवेअर केलं. मेसच्या ऑफिसमध्ये एक जुना पीसी सर्व्हर म्हणून ठेवला, त्यावर डेबियन लिनक्स. मुलांनी आपापल्या खोलीतून आपलं बिल बघायचं. जमा-खर्च मात्र फक्त हिशेब बघणाऱ्या काकांच्या मशीनवरून भरायचा. त्यासाठी फायरवॉलचे नियम मी लिहिले: डेटाबेसचं पोर्ट फक्त काकांच्या मशीनला उघडं, बाकी सगळ्यांना बंद. नियम चालू केले, माझ्या खोलीतून प्रयत्न करून पाहिला, कनेक्शन लागलं नाही. खूष! नियमांची फाईल सेव्ह केली, तिची प्रिंट रिपोर्टला जोडली, सरांनी पाठ थोपटली.

सप्टेंबरच्या शेवटी घोळ बाहेर आला. सात मुलांच्या नावावरची थकबाकी आपोआप शून्य झाली होती. रक्कम साधारण साडेनऊ हजार. बदल कुठल्या खात्यातून झाला हे टिपायची सोय आम्ही ठेवली होती. तिथे सातही ठिकाणी एकच नाव: काकांच्या मशीनचं डेटाबेस खातं. बदल कुठल्या मशीनवरून झाला हे टिपायला मात्र आम्ही विसरलो होतो. चौकशीत मला विचारलं गेलं, "दुसरं कोणी करू शकतं का?" मी रिपोर्टमधली प्रिंट पुढे केली. "नाही सर. नियम आहे. फक्त काकांच्या मशीनवरूनच होऊ शकतं."

चौकशी होईपर्यंत काकांना घरी बसायला सांगितलं. पन्नाशीचा माणूस. आमच्यातल्या निम्म्यांची बिलं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पुढच्या महिन्यात ढकललेली. ऑफिसमधून जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मशीन म्हणतंय तर आसंल बाबा."

मशीन तसं म्हणतच नव्हतं. तसं माझी फाईल म्हणत होती.

चौथ्या दिवशी आमच्याच ग्रुपमधला एक मित्र सर्व्हरसमोर बसला आणि त्याने एक कमांड दिली: आयपीटेबल्स, पुढे -एल -एन -व्ही. ही कमांड फाईल वाचत नाही. कर्नलने आत्ता या क्षणाला मेमरीत जे नियम धरून ठेवलेत, ते टेबल ती समोर मांडते. टेबल आलं. तीन साखळ्या: आत येणारं, पुढे जाणारं, बाहेर जाणारं. तिन्हींच्या डोक्यावर 'पॉलिसी ॲक्सेप्ट'. खाली नियम किती? एकही नाही. संपूर्ण हॉस्टेलला डेटाबेसचं दार सताड उघडं. आणि त्या खात्याचा पासवर्ड? मेसचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तोही मीच ठेवलेला.

सर्व्हर किती दिवस चालू आहे ते पाहिलं तर त्रेचाळीस दिवस. तारीख मागे मोजली. त्या रात्री लाईट गेली होती आणि यूपीएसची बॅटरी तासाभरात बसली होती. कर्नलचं टेबल मेमरीत असतं. वीज गेली की ते पुसलं जातं. परत सुरू होताना फाईलमधले नियम पुन्हा कर्नलमध्ये भरणारं कोणीतरी लागतं. डेबियनमध्ये ते काम करणारं वेगळं पॅकेज बसवावं लागतं. ते मी बसवलंच नव्हतं. फाईल जागच्या जागी, सुवाच्य, रिपोर्टला जोडलेली. ट्रंकेतल्या अर्जासारखी!

ती सात बिलं कुणी शून्य केली हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण 'फक्त काकाच करू शकतात' हे खोटं होतं एवढं सिद्ध झालं, आणि ते मी लेखी दिलं. काका परत आले. मी माफी मागायला गेलो. त्यांनी चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रात्री हापिसला कुलूप लावल्यावर मी दोनदा वढून बगतो. तुमी कंप्युटरवाले वढून बगत न्हाय व्हय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर समजा.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: आपल्याकडे सुरक्षा शिकवताना नियम 'लिहायला' शिकवतात, लागू असलेले नियम 'वाचायला' शिकवत नाहीत. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये नियम घालायच्या कमांडी पाठ केलेल्या असतात. व्हायवाला विचारतात, "पोर्ट कसं बंद करशील?" आजवर एकाही एक्स्टर्नलने मला विचारलं नाही, "ते बंद आहे हे तुला कसं कळलं?"

आणि वाचणं सोपं आहे असंही समजू नका. नुसतं -एल देऊन माणूस कसा फसतो बघा. टेबलात एक ओळ दिसते: कुठूनही, कुठेही, सगळं मान्य. वाचणारा घाबरतो आणि ती ओळ उडवतो. प्रत्यक्षात ती परवानगी मशीनला स्वतःशीच बोलण्यापुरती, म्हणजे 'लो' या आतल्या इंटरफेसपुरती असते. पण इंटरफेसचा रकाना -व्ही दिल्याशिवाय दिसतच नाही. उलटंही होतं. खरोखरच सगळ्यांना मोकळं सोडणारी ओळ 'ती लोची असेल' म्हणून कुणीतरी तशीच ठेवतो. -व्ही दिलं की आणखी एक मोलाची गोष्ट दिसते: प्रत्येक नियमाला आजवर किती पॅकेट लागू पडली त्याचा आकडा. महिनाभर चालू असलेल्या सर्व्हरवर 'अडवा' या नियमासमोर शून्य असेल, तर एक तर कुणी आलंच नाही, किंवा वरच्या एखाद्या नियमाने सगळ्यांना आधीच आत सोडलंय. नियम वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला निर्णय देतो तिथेच काम संपतं, त्यामुळे क्रमाला महत्त्व आहे. -एन दिलं नाही तर कमांड प्रत्येक आयपी पत्त्याचं नाव शोधत बसते, आणि नेट बंद असेल तर आपल्याला वाटतं मशीनच अडकलं.

शिवाय टेबल एकच नसतं. काही न सांगता -एल दिलं तर फक्त 'फिल्टर' हे टेबल दिसतं. 'नॅट', 'मँगल', 'रॉ' ही वेगळी मागावी लागतात. 'सिक्युरिटी' नावाचंही एक टेबल आहे. एसई-लिनक्ससारख्या व्यवस्थांसाठी ते २००८ साली कर्नलमध्ये आलं. आयपी आवृत्ती सहाचा कारभार तर पूर्ण वेगळा, त्याची कमांडच निराळी. चारचं दार बंद करून सहाचं उघडं ठेवणारे महाभाग कमी नाहीत. त्यात २०१४ पासून कर्नलमध्ये 'एनएफ-टेबल्स' ही नवी व्यवस्था आली आणि २०१९ च्या डेबियन १० पासून आयपीटेबल्स ही कमांडसुद्धा आतून तीच वापरते. तरी थेट नव्या पद्धतीने घातलेले नियम जुन्या कमांडच्या यादीत दिसतीलच असं नाही. त्यासाठी 'एनएफटी लिस्ट रूलसेट' असं विचारावं लागतं. म्हणजे उतारा काढायचा तर गट नंबर नीट सांगावा लागतो, नाहीतर शेजाऱ्याचा उतारा बघून आपण निर्धास्त!

फाईल वेगळी आणि कर्नलमधलं टेबल वेगळं ही अडचण फक्त आपल्या जुन्या पीसीची नाही. मोठ्या सर्व्हरवर चालणाऱ्या आयबीएमच्या एआयएक्स या सिस्टिममध्ये २००७ च्या ६.१ आवृत्तीपासून नवी अधिकार-व्यवस्था आली. कुठल्या भूमिकेला कुठले अधिकार, कुठली कमांड कोणत्या विशेष हक्काने चालेल, कुठलं उपकरण कोण उघडेल, हे सगळं फाईलींमध्ये लिहायचं. पण फाईल बदलली म्हणजे लागू झाली असं नाही. 'सेट-के-एस-टी' ही कमांड दिली की मग त्या नोंदी कर्नलच्या सुरक्षा टेबलांत जातात. आणि टेबलात खरोखर काय गेलं हे बघायला वेगळी कमांड दिली आहे: 'एल-एस-के-एस-टी'. भूमिका, अधिकार, कमांड, उपकरणं, ज्याचं टेबल हवं त्याचं नाव सांगायचं आणि यादी घ्यायची. पहिली कमांड म्हणजे फेरफार, दुसरी म्हणजे उतारा. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे: टेबल बघायचा अधिकार आणि टेबल बदलायचा अधिकार तिथे वेगवेगळे ठेवलेत. म्हणजे एखाद्याला नुसतं बघायला देता येतं.

"मेसच्या बिलावरून एवढं रामायण कशाला?" असं कुणी म्हणेल. मग पुण्याचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँक जुनी, १९०६ सालची. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, आणि काही कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. पद्धत लक्षात घ्या. एटीएममधून विचारणा आली की ती बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत जाऊन 'शिल्लक आहे का' हे विचारून परत यायला हवी. हल्लेखोरांनी मधेच आपली खोटी व्यवस्था बसवली. ती मूळ हिशेबाला न विचारताच 'हो, द्या' म्हणत राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी अशाच प्रकारच्या इतर हल्ल्यांबद्दल इशारा दिला. त्यात तपासलेले पेमेंट स्विचचे सर्व्हर एआयएक्सच्या अशा जुन्या आवृत्त्यांवर चालत होते, ज्यांना कंपनीचा आधार कधीच संपला होता.

प्रामाणिकपणे सांगतो, एल-एस-के-एस-टी किंवा आयपीटेबल्स रोज चालवल्याने असा प्रत्येक हल्ला थांबेल असा माझा दावा नाही. मशीनचा पूर्ण ताबा ज्याच्याकडे गेला, तो टेबलही बदलेल आणि टेबल दाखवणारी कमांडही बदलेल. म्हणून कुलूप बाहेरूनही ओढून बघावं लागतं: दुसऱ्या खोलीतून, दुसऱ्या मशीनवरून, पोर्ट लागतंय का ते. मी ते केलं होतं. पण एकदाच, पहिल्या दिवशी. काका रोज रात्री करतात. फरक तिथे आहे.

आता लॅबमधल्या सरांच्या हरकतीबद्दल. मागे मी सुचवलं होतं की हॉस्टेलच्या सर्व्हरची टेबलं मुलांना बघू द्यावीत. उत्तर मिळालं, "टेबल बघायला रूट लागतो, आणि रूट दिला तर तुम्ही काय कराल ते आम्हाला माहिती आहे." हरकत अगदीच चुकीची नाही, आमची कीर्ती तशी आहे! पण रूट न देताही हे होतं. 'सुडो'च्या फाईलमध्ये पूर्ण कमांड तिच्या -एल -एन -व्ही या पर्यायांसकट लिहिली, तर तेवढीच चालते, नियम बदलता येत नाहीत. नुसतं कमांडचं नाव लिहिलं तर मात्र सगळंच चालेल, तेवढी काळजी घ्यावी. दुसरी हरकत अशी की नियम दिसले तर फटी दिसतील. खरं आहे. पण फट शोधायला निघालेला मुलगा टेबलाची वाट बघत नाही, तो रात्री दोन वाजता एकेक पोर्ट चाचपून बघतो. टेबल दिसत नाही ते बाकीच्यांना, ज्यांनी ती फट आधी सांगितली असती. सर्व्हर बँकेचा असता तर मी हे म्हणालो नसतो. पण ज्या मशीनवर आमचीच बिलं आहेत आणि जे शिकण्यासाठीच ठेवलंय, तिथे बघायची परवानगी हवी. आमच्या टेबलाकडे त्रेचाळीस दिवसांत दहा जणांनी नुसती नजर टाकली असती, तरी एकाने विचारलं असतं, "अरे, हे रिकामं कसं?"

तेव्हा विभागाला आणि रेक्टर सरांना माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला नियम घालायच्या आधी टेबल वाचण्याचं एक स्वतंत्र प्रॅक्टिकल ठेवा. भरलेलं टेबल द्या आणि 'यातून कोण आत येऊ शकतं' एवढंच विचारा. दोन, प्रोजेक्ट रिपोर्टला नियमांची फाईल जोडली तर चालवून घेऊ नका. मशीन एकदा बंद करून परत चालू केल्यानंतरचं कर्नलचं टेबल तारखेसकट जोडायला सांगा. तीन, कुणावर ठपका ठेवण्याआधी तांत्रिक पुरावा म्हणून कागद नको, चालू मशीनचा उतारा मागा. ही तिसरी विनंती बाकी दोन्हींपेक्षा महत्त्वाची. पहिल्या दोन न ऐकल्या तर एखादा सर्व्हर उघडा राहील. तिसरी न ऐकल्यामुळे एक माणूस चार दिवस घरी बसला होता, आणि त्याच्या घरच्यांनी शेजाऱ्यांना काय सांगितलं असेल ते मी अजून विचारलेलं नाही.

मेसचा तोच सर्व्हर आजही चालू आहे. पॅकेज बसवलंय, पासवर्ड बदललाय, बदल कुठल्या मशीनवरून झाला तेही आता टिपलं जातं. रोज रात्री साडेनऊला, हिशेब बंद करताना, काका स्वतः एक बटण दाबतात. आम्ही केलेली छोटी स्क्रिप्ट टेबल वाचते आणि नियम जागेवर असले तर मराठीत 'दार बंद आहे' अशी ओळ दाखवते, नसले तर लाल अक्षरात 'दार उघडं आहे'. ती ओळ वाचून झाली की काका ऑफिसला कुलूप लावतात, आणि दोनदा ओढून बघतात.

वैरागचा सात-बाराही आता दुरुस्त झालाय. आजोबांच्या जागी चौघांची नावं लागली. वडिलांनी उताऱ्याची प्रत ट्रंकेत ठेवली तेव्हा मी म्हणालो, "आप्पा, ठेवा, पण दरवर्षी ताजा काढून बघत जा." ते म्हणाले, "आता कशाला? नावं लागली की!"

अवघड आहे एकूण.

— अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी (मु. पो. वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर)